पलीकडचा ठोका

१

कारखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. डॉक्टरकीशी त्याचा संबंध एवढाच, की तोही ठोकून ऐकायचा. रेल्वेचे दोन रूळ जिथे टोकाला टोक लावून येतात, तिथे दोन्ही बाजूंनी एकेक पोलादी पट्टी बसवून बोल्ट आवळतात. ती जोडपट्टी या कारखान्यात घडत असे. भट्टीतून लालभडक पोलाद निघायचं, मोठ्या हॅमरखाली साच्यात दबायचं, भोकं पडायची, थंड व्हायचं आणि मग डॉक्टरच्या खोलीत यायचं. तो पट्टी लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवी, हातोडीने हलका टोला देई आणि ऐकत राही. पट्टी निरोगी असली तर नाद लांबवर जातो. आत केसाएवढी चीर असली तर आवाज लगेच बसतो, सर्दी झालेल्या गवयासारखा. असली पट्टी रुळांना लागली, तर कधीतरी गाडी वरून जात असतानाच तिचे दोन तुकडे होतात. तसं होऊ द्यायचं नाही, याचाच डॉक्टरला पगार होता.

इतक्या मोठ्या गोष्टीत एका माणसाच्या कानावर विसंबायचं नाही, म्हणून खोलीच्या मधोमध फळ्यांचा आडोसा उभा केला होता, जमिनीपासून छतापर्यंत. अलीकडे डॉक्टर बसे, पलीकडे त्याचा साडू. एकमेकांची तोंडं बघून मत बनू नये, हा आडोशाचा उद्देश. दोघांच्या मेजाच्या उंचीवर एक फट होती. डॉक्टरला पट्टी पसंत पडली की तो ती फटीतून पलीकडे सरकवायचा. साडू तिला स्वतः टोला देऊन ऐकायचा आणि त्यालाही पटली तर शेजारच्या ऐरणीवर एक ठोका मारायचा. ठोका म्हणजे हो. पटली नाही तर गप्प. दोघा साडूंचं दिवसभराचं संभाषण हे एवढंच. दोघी बहिणी घरी जी अखंड बडबड करतात, तिची भरपाई हे दोघे इथे गप्प बसून करतात, अशी चेष्टा सगळा कारखाना करायचा.

पुढे डॉक्टरची बायको आजारात गेली. मग एका दुपारी जिना चढता चढता साडूच्या छातीत कळ आली आणि तोही गेला. मेव्हणी आपल्या मुलाकडे राहायला गेली. साडूच्या जागी वरच्यांनी कुणाला नेमलं नाही, इतकी वर्षं एकही पट्टी परत आलेली नाही, मग एका कानावर भागेल की, असं त्यांचं म्हणणं पडलं. डॉक्टर तपासलेली पट्टी स्वतःच उचलून मालाच्या थप्पीवर नेऊन ठेवू लागला.

पण हाताची सवय फार चिवट असते. एका सकाळी विचारांच्या तंद्रीत त्याने पट्टीला टोला दिला, मान डोलावली आणि ती सरळ फटीतून पलीकडे ढकलली. ढकलल्यावर त्याच्या लक्षात आलं. "म्हातारचळ लागला," असं स्वतःशीच हसत तो पट्टी आणायला उठला.

पलीकडून ऐरणीवर ठोका पडला.

२

पलीकडच्या भागाला बाहेरच्या बोळातून वेगळं दार होतं. डॉक्टर वळसा घालून तिथे गेला. आत साडूची खुर्ची होती, तिच्यावर धूळ होती आणि त्या धुळीवर कुणी बसल्याची खूण नव्हती. हातोडी खुंटीवर होती. पट्टी फटीच्या तोंडाशी जशी सरकली होती तशीच पडून होती. डॉक्टरने ऐरणीवर तळवा ठेवला. ती गार होती, आणि गारच असायला हवी होती.

शेजारच्या खात्यात मोठा हॅमर दिवसभर चालायचा. त्याच्या दणक्याने जमीन हलते, खिडक्या वाजतात, मग एखादी ऐरण वाजली तर काय बिघडलं? डॉक्टरने स्वतःची अशी समजूत घातली. समजूत चांगली होती, फक्त इतकी वर्षं हॅमर चालू असून ऐरण कधी आपोआप वाजली नव्हती. तो परत आपल्या जागी बसला. मग दुसरी पट्टी घेतली, तपासली आणि मुद्दाम फटीतून ढकलली.

ठोका आला.

माणसं घाबरली की काही जण पळतात आणि काही जण हिशेबी होतात. डॉक्टर दुसऱ्या जातीचा. नवीन कामगारांना शिकवण्यासाठी एक चिरलेली पट्टी कपाटात ठेवलेली होती. तिला सगळे मुकी म्हणायचे. डॉक्टरने मुकी काढली आणि पलीकडे सरकवली. काही नाही. नुसता हॅमरचा धक्का जमिनीतून तळपायाला जाणवत राहिला. पुन्हा एक चांगली पट्टी सरकवली, तर लगेच ठोका. अगदी लगेच.

हे 'लगेच' त्याला खटकलं. का खटकलं, ते संध्याकाळी घरी जाताना उमगलं. साडू आधी पट्टीला टोला द्यायचा आणि मग ऐरणीवर ठोका मारायचा. दोन आवाज, मध्ये ऐकण्यापुरती शांतता. आज पलीकडून पट्टीला टोला एकदाही पडला नव्हता. जे कोणी होतं, ते न तपासताच हो म्हणत होतं.

३

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? भट्टीखात्यात कुणी कुणाशी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. तिथे सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठ वाचण्यावर चालतो, आणि डॉक्टरची उमेदीची वर्षंही तिथेच गेली होती. मूठ वर केली की थांबा, दोन बोटं फिरवली की चहा. वर्षानुवर्षं असंच चालल्यामुळे माणसं घरीही बायकोला हातानेच मीठ मागतात. डॉक्टरच्या घरी मीठ मागायलाही कुणी उरलं नव्हतं. दोन खोल्यांचं क्वार्टर, एक पलंग, एक टेबल, खिडकीबाहेर शेजाऱ्याचा कुत्रा. कुत्राही म्हातारा झाला होता. हल्ली तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून नुसतंच तोंड उघडायचा आणि मिटायचा.

एवढी शांतता डॉक्टरच्या अंगावर येई. पूर्वी घरात बायको असताना तो वैतागून "जरा गप्प बस गं" म्हणायचा, त्याची आता त्याला लाज वाटत होती. संध्याकाळी लेकीचा फोन येई आणि डॉक्टर तो कानात रुतेल इतका दाबून धरी. ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात होती.

"बाबा, आता पुरे झालं. या इकडे. एक खोली रिकामीच पडलीय."

"बघू गं."

"बघू बघू म्हणून वर्ष काढलंत. तिथे आहे कोण तुमचं?"

याला त्याच्याकडे पूर्वी उत्तर नव्हतं. आता होतं, पण लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी कामावर जाताना त्याची पावलं हल्ली भरभर पडत होती. दिवसभर तो एकच प्रश्न विचारायचा आणि पलीकडून कुणीतरी हो म्हणायचं. नुसतं हो, पण जिवंत. तो बसल्याबसल्या आडोशाशी गप्पाही मारू लागला. "साडूभाऊ, आज थंडी आहे बरं का." "साडूभाऊ, आजचा माल झकास उतरलाय." तो साडूच आहे, अशी त्याची खात्री नव्हती. साडू आळशी होता, त्याचा ठोका नेहमी उशिरा यायचा. पण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची, ते त्याला सुचत नव्हतं, आणि विचार करायचा धीरही नव्हता.

मग एक दिवस त्याने पसंत केलेल्या पट्टीला पलीकडून उत्तर आलं नाही. त्याने ती परत आणली, टोला दिला, कान लावला. त्याला ती चांगलीच वाटली. शेवटी त्याने जुना उपाय केला. पट्टीवर रॉकेल चोळलं, फडक्याने कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर भोकापासून कडेपर्यंत एक बारीक ओली रेघ उमटली. चीर होती. पलीकडच्याला कळली आणि डॉक्टरला कळली नाही.

म्हणजे कान जात चालले होते. तेव्हाच त्याने उठून फोरमनकडे जायला हवं होतं. त्याला ते कळत होतं, आणि तरी तो उठला नाही. फोरमनला सांगायचं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून ही खोली बंद आणि ठोकाही बंद. आपला कान गेला तरी पलीकडे कान आहे ना, पट्टी तपासली गेल्याशी मतलब, असं त्याने मनाला पटवलं. एकट्या माणसाच्या मनाला काहीही पटतं.

४

तरी लेकीचा लकडा चालूच होता. एका संध्याकाळी ती फोनवर रडली, आणि डॉक्टर विरघळला. "येतो," म्हणाला. "महिनाअखेर येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हातोडी घेतली आणि आडोशाकडे न बघता सांगितलं, "साडूभाऊ, मी निघालो बरं का. लेक बोलावतेय. माझ्या मागे इथे कोण येईल, माहीत नाही."

त्या दिवशी एकाही पट्टीला उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. नापसंतीच्या फुल्या मारलेल्या पट्ट्यांची थप्पी त्याच्या डोक्याच्या वर गेली. फोरमन आला. धिप्पाड, घाईतला, पण मनाने चांगला माणूस. डॉक्टरच्या तोंडासमोर उभा राहून तो ओठ ताणून बोलला, भट्टीखात्यात बोलतात तसा. "डॉक्टर, सगळाच्या सगळा माल आजारी? भट्टीवाले माझ्या नावाने खडे फोडताहेत!"

दोघांनी मिळून रॉकेल चोळलं, खडू घासला. एकाही पट्टीवर रेघ उमटली नाही. फोरमनने भुवया उंचावून डॉक्टरकडे पाहिलं आणि पट्ट्यांवरच्या फुल्या स्वतः पुसून तो निघून गेला. ते पुसणं डॉक्टरला फार लागलं.

खोलीत एकटा उरल्यावर तो फळ्यांकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिला. पलीकडे कुणी नाही, हे त्याला ठाऊक होतं. पलीकडे कुणीतरी रुसलंय, हेही तितकंच ठाऊक होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "बरं. नाही जात."

फटीतून काहीही सरकवलेलं नसताना ठोका आला.

त्या संध्याकाळी लेकीला कसं सांगायचं, या काळजीत त्याने फोन उचलला. पण तीच आधी बोलली. आवाज शांत होता, रडण्याचा मागमूस नव्हता. "बाबा, मी विचार केला. तुम्हाला तिथेच करमतं ना? मग राहा तिथेच."

"तुला राग आला का?"

"नाही. राहा तिथेच."

सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी पोटच्या पोरीने इतक्या सहज सोडून दिलं, याचं डॉक्टरला वाईट वाटलं. रोजच्या फोनवर ती तेवढंच म्हणू लागली, आणि तो हो म्हणून फोन ठेवू लागला.

५

त्यानंतर पलीकडचं गप्प बसणं असं कधी झालंच नाही. टोला, सरकवणं, ठोका. दिवस भराभर जात, थप्प्या उठत, फोरमन खूश होता. डॉक्टर आता स्वतः पट्टीला टोला नावापुरता देत होता. ऐकायचं काम पलीकडचं.

मग एक पट्टी अशी आली की तिची कडच फाटलेली होती. साचा सरकला असणार. ती चीर आंधळ्याच्याही बोटांना लागली असती. डॉक्टरने ती बाजूला ठेवली, आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, उचलून फटीतून ढकलली.

ठोका आला.

त्याने कपाटातून मुकी काढली, जिला पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं नव्हतं, आणि ती ढकलली. ठोका. भंगारातला मोडका तुकडा ढकलला. ठोका. हातातला चहाचा पेला ढकलला. त्यालाही ठोका, तितकाच झटपट, तितकाच प्रेमाने. तो इथे बसून आहे, एवढंच पलीकडच्याला पुरेसं होतं. पट्टीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

डॉक्टरने रॉकेलचा डबा उघडला. आवारात मालगाडीत चढवायला ठेवलेल्या पट्ट्यांमधून हाताला येतील त्या काढल्या, चोळल्या, पुसल्या, खडू घासला आणि उन्हात उकिडवा बसून वाट बघितली. बऱ्याच कोऱ्या राहिल्या. काहींवर रेघा उमटल्या. एक, मग तिच्या शेजारची, मग थोड्या अंतरावरची आणखी एक. प्रत्येकीला त्याने पास केलं होतं. उद्या या पट्ट्या कुठल्यातरी मार्गावर लागल्या असत्या, वरून भरलेली गाडी गेली असती, तिच्यात कुणाकुणाच्या लेकी बसलेल्या असत्या.

तो धावतच फोरमनच्या टेबलाशी गेला. या वयात त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

"गाडी थांबवा. आधी गेलेला मालही परत मागवा."

"काय झालं?"

"माझे कान गेलेत," डॉक्टर म्हणाला. इतक्या दिवसांनी ते तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला हलकं वाटलं.

६

फोरमनने आधी गाडी थांबवली, मग शंका काढली. "कान गेले म्हणता आणि माझ्याशी तर व्यवस्थित बोलताय. चला, बघू." तो डॉक्टरला खोलीत घेऊन आला. "तुम्ही तुमच्या जागी बसा. मी पलीकडे जाऊन ऐरणीवर ठोका मारतो. ऐकू आला की फटीतून हात पुढे करा. मला दिसेल."

डॉक्टर बसला. फोरमन बोळातून वळसा घालून पलीकडे गेला असणार. डॉक्टरने मान खाली घातली आणि वाट बघू लागला. काही झालं नाही. मेजावरच्या हातोडीच्या दांड्यावर एक माशी फिरत होती, ती उडाली. काही झालं नाही. फोरमनला वाटेत कुणी अडवलं असेल, असं डॉक्टरला वाटलं.

मग फोरमन दारातून परत आत आला आणि त्याच्या समोर उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"एकदाही ऐकू आला नाही?"

"मारला कुठे तुम्ही?"

"डॉक्टर, खांदा दुखेपर्यंत मारला."

बोलता बोलता फोरमनने कपाळ पुसायला तोंडावरून रुमाल फिरवला, आणि तेवढा वेळ त्याचा आवाज नाहीसा झाला. रुमाल खाली आला, ओठ दिसले, आणि आवाज परत आला. डॉक्टर बघतच राहिला. आवाज येत नव्हता. आवाज कधीचाच येत नव्हता. जन्मभराच्या सवयीने तो ओठ वाचत होता आणि त्यालाच ऐकणं समजत होता. शेजाऱ्याचा कुत्रा म्हातारा झाला नव्हता. तो भुंकत होता.

त्याच वेळी पलीकडे ठोका पडला. स्पष्ट, ठणठणीत, जवळ.

फोरमन समोर होता, त्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्याच्या चेहऱ्यावर काही ऐकल्याची खूण नव्हती. डॉक्टर खुर्चीतून हळूहळू वाकला. मेजावर गाल टेकवून त्याने फटीतून पलीकडे पाहिलं. पलीकडची खिडकी, खुर्ची, ऐरण, काहीच दिसेना, कारण फट पलीकडून बुजलेली होती. काय आहे ते कळायला त्याला एक क्षण लागला. तो एक कान होता. फटीला घट्ट लावलेला, फळ्यांवर दाबून चपटा झालेला. साडूच्या कानावर केस होते. याच्यावर नव्हते. श्वासाबरोबर तो किंचित हलत होता आणि ऐकत होता.

७

त्याच दिवशी फोरमनने लेकीला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती आली. वस्तू आवरायला ती त्याच्याबरोबर कारखान्यात आली. फोरमनने फटीवर फळी ठोकून घेतली होती, पलीकडच्या दाराला कुलूप घातलं होतं. का, ते त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. माल परत येत होता. एकाही रुळाला अजून त्यातली पट्टी लागलेली नव्हती, हे फोरमनने डॉक्टरला पुन्हा पुन्हा ओठ ताणून सांगितलं. डॉक्टर प्रत्येक वेळी मान हलवत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते.

लेकीने त्याचा चेहरा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि स्वतःकडे वळवला.

"बाबा, मला आधी का नाही सांगितलंत? रोज फोन करतेय मी. या, बाबा, या, म्हणून घसा कोरडा होतो माझा. तुम्ही ऐकून घेता, 'हो' म्हणता आणि फोन ठेवता."

"तूच म्हणालीस ना, राहा तिथेच म्हणून."

लेकीचे ओठ थोडा वेळ हललेच नाहीत. मग ती म्हणाली, "मी असं कधीच म्हटलं नाही."

फोनमध्ये ओठ दिसत नाहीत, एवढंच डॉक्टरच्या मनात आलं. लेकीने डोळे पुसले, त्याची पिशवी उचलली, चला म्हणून खूण केली आणि बोळातून पुढे निघाली. तो तिच्या मागोमाग चालू लागला. ती पाठमोरी होती. बहुतेक काहीतरी बोलत चालली होती, तिचा मोकळा हात बोलताना हलायचा तसा हलत होता. त्यातलं अक्षरही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिचं लहानपणापासूनचं हसणं, तिचं भांडणं, तिची बाबा म्हणून हाक, यांतलं काहीही आता त्याला कधी ऐकू येणार नव्हतं. तिच्या घरी जाऊन तो तिचे हलणारे ओठ बघत बसणार होता. तसं का होईना, ती समोर असेल, हे त्याने स्वतःला बजावलं आणि पाऊल उचललं.

"बाबा," मागून हाक आली.

तिचाच आवाज. थोडा घोगरा, शेवटचं अक्षर लांबवणारा. कुलूपबंद दाराच्या आतून येत होता. समोर लेक पाठमोरी चालतच होती.

त्याने डोळे मिटून घेतले. तो आवाज कुणाचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. साऱ्या जगात एवढा एकच आवाज आपल्यासाठी उरलाय, हेही ठाऊक होतं.

"बाबा, कुठे चाललात?"

लेक बोळाच्या टोकाशी पोचली, आणि उन्हात पाऊल टाकण्याआधी बाबा मागोमाग येताहेत ना, हे बघायला तिने मान वळवली. तेव्हा बोळाच्या मधोमध तिचे बाबा तिच्याकडे पाठ करून उभे होते. कुलूप लावलेल्या दाराला त्यांनी कान लावला होता, आणि हसत हसत ते कुणाला तरी हो म्हणत होते.